वीझच्या कारखान्यातली ती बॅच : कालेबाउट घराण्याच्या चॉकलेटाचं एक प्रकरण

सोमवार, २७ जून २०२२. बेल्जियमच्या पूर्व फ्लँडर्स प्रांतात, आल्स्ट आणि डेंडरमोंडे या दोन शहरांच्या मधे वीझ नावाचं एक गाव आहे. तिथल्या चॉकलेट कारखान्यात एका बॅचच्या तपासणीत साल्मोनेला हा पोटाचा आजार करणारा जंतू सापडला. कारखाना बॅरी कालेबाउट कंपनीचा, आणि जगातला सर्वांत मोठा चॉकलेट कारखाना म्हणून ओळखला जाणारा. तरीही तिथल्या चॉकलेटाचं वेष्टन तुम्ही-आम्ही क्वचितच फाडलं असेल, कारण बहुतेक मालाला किरकोळ विक्रीचं वेष्टनच नसतं. पातळ स्वरूपात टँकरमधून किंवा लहान टिकल्यांच्या रूपात मोठ्या पिशव्यांतून हा माल बाहेर पडतो आणि पुढे बिस्किटवाल्याच्या, आइस्क्रीमवाल्याच्या, मिठाईवाल्याच्या नावाने दुकानात येतो.

कंपनीने एक लाइन नव्हे, चॉकलेटाच्या सगळ्या लाइन थांबवल्या. २५ जूनपासून बनलेला सगळा माल जिथे होता तिथे रोखला. बेल्जियमच्या अन्नसुरक्षा संस्थेला कळवलं. ज्या ग्राहकांकडे संशयित माल गेला असण्याची शक्यता होती त्या ७३ जणांना निरोप गेले. ३० जूनला बातमी फुटली आणि युरोपभरच्या मिठाई-कारखान्यांत फोन खणखणू लागले.

अन्नप्रक्रिया शिकणाऱ्या मुलांपुढे हे प्रकरण मी दरवर्षी ठेवतो. पहिला प्रश्न ठरलेला असतो : सर, एका बॅचसाठी अख्खा कारखाना बंद? आमच्याकडे तर तेवढी बॅच बाजूला काढून पुढे चाललो असतो. या प्रश्नाचं निम्मं उत्तर सूक्ष्मजीवशास्त्रात सापडतं. राहिलेल्या निम्म्यासाठी जवळपास शंभर वर्षं मागे, एका दारू गाळणाऱ्या कुटुंबाच्या घरात जावं लागतं, आणि तिकडे जायला मुलं नाखूश असतात. त्यांना वाटतं इतिहास म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकाचं पहिलं पान.

बिअरवाल्याचं घर

कालेबाउट हे आडनाव आधी उच्चारून घेऊ. फ्लेमिश माणूस साधारण ‘कालेबाउट’ म्हणतो, फ्रेंच वळणाने ते ‘कालबो’ होतं, आणि मुंबई-पुण्यातल्या बेकिंगच्या सामानाच्या दुकानांत ‘कॅलेबॉट’ मागितलं की बरोबर पिशवी हातात पडते. १८५० साली युजेनियस कालेबाउट या गृहस्थाने वीझमध्ये व्यवसाय थाटला. तो चॉकलेटाचा नव्हता. माल्ट आणि बिअर, जोडीला पीठगिरणी आणि दूध, असा गावगाड्याला लागणारा सगळा प्रपंच होता. आल्स्टच्या आसपास बिअरला लागणारं हॉप्सचं पीक निघायचं, त्यामुळे त्या भागात बिअर गाळणं हा जगावेगळा धंदा नव्हताच. चॉकलेटाच्या वड्या या घरात पहिल्यांदा बनल्या त्या १९११ साली, म्हणजे पुढच्या पिढ्यांच्या हातून.

बिअर गाळणारा माणूस चॉकलेटात शिरतो यात मला नवल वाटत नाही. धान्य भाजणं, दळणं, मोठ्या भांड्यात तापमान सांभाळत ढवळणं, नळीतून एका टाकीतून दुसऱ्या टाकीत नेणं, हे सगळं त्याच्या हाताखालचं असतं. हलवाई वडीचा विचार करतो, बिअरवाला टाकीचा. पुढे या घराण्याने जे केलं ते बघताना हा फरक माझ्या मनातून जात नाही. हा माझा तर्क आहे, कुणा कालेबाउटने लिहून ठेवलेला नाही.

१९११ मध्ये बेल्जियमात चॉकलेट काही नवं नव्हतं. कोत द’ओर हे चॉकलेटाचं नाव १८८३ पासूनचं. ब्रुसेल्सच्या राणीच्या गॅलरीत, म्हणजे छताखालच्या बाजारपेठेत, स्वित्झर्लंडहून आलेल्या झाँ नॉयहाउस यांचं दुकान १८५७ पासून होतं. सुरुवातीला ते औषधांचं दुकान होतं, आणि कडू औषधावर चॉकलेटाचा लेप देण्याची गोष्ट तिथलीच. १९१२ साली त्यांच्याच नावाच्या नातवाने लेपाच्या आत औषधाऐवजी गोड सारण भरलं आणि बेल्जियन प्रालीन जन्माला आलं. १९१३ मध्ये लिओनिदास केस्तेकिदेस या ग्रीक वंशाच्या मिठाईवाल्याचा बेल्जियममधला धंदा सुरू झाला. १९२६ मध्ये द्राप्स कुटुंबाने ब्रुसेल्समध्ये कार्यशाळा काढली, तीच पुढे गोदिवा झाली. ही सगळी नावं दुकानाच्या पाटीवर चढली.

प्रालीनचं कवच मात्र साध्या खाऊच्या चॉकलेटाने नीट होत नाही. ते साच्यात पातळ पसरलं पाहिजे, साच्याच्या कोपऱ्यात हवेचा बुडबुडा राहता कामा नये, थंड झाल्यावर आरशासारखं चमकलं पाहिजे आणि दाताखाली टक्कन तुटलं पाहिजे. त्यासाठी कोको बटर भरपूर लागतं. अशा चॉकलेटाला कुव्हर्चर म्हणतात, फ्रेंच अर्थ ‘आवरण’. आज युरोपीय संघाच्या नियमानुसार कुव्हर्चर म्हणवून घ्यायला किमान ३१ टक्के कोको बटर लागतं. प्रालीनची दुकानं वाढली तसे कवचासाठी चांगलं चॉकलेट मागणारे कारागीरही वाढले. कोको बिया आणून, भाजून, दळून, तासन्‌तास घोटून चॉकलेट बनवण्याची यंत्रं त्यातल्या बहुतेकांना परवडणारी नव्हती.

१९२५ मध्ये कालेबाउटांनी कुव्हर्चर बनवायला घेतलं. ही तारीख माहितीपत्रकात एका ओळीत येते आणि माझ्या मते अख्ख्या प्रकरणाची किल्ली तिच्यातच आहे. वडी बनवणाऱ्याचं गिऱ्हाईक म्हणजे दुकानात उभं असलेलं पोर. कुव्हर्चर बनवणाऱ्याचं गिऱ्हाईक म्हणजे दुकानाच्या मागच्या खोलीतला कारागीर. कालेबाउट हळूहळू पहिल्याकडून दुसऱ्याकडे सरकले. शेजारच्या सगळ्या चॉकलेटवाल्यांशी स्पर्धा करायची सोडून त्यांनाच माल पुरवायचा.

ब्रुसेल्स किंवा ब्रुजमध्ये फिरायला गेलेल्या कुणाला हे सांगितलं की थोडा हिरमोड होतो. तिथल्या खिडक्यांत ‘हस्तनिर्मित’ लिहिलेलं प्रालीन बनवणारे कित्येक उत्तम कारागीर कोकोची बी कधी भाजत नाहीत. ते तयार कुव्हर्चर आणतात, वितळवतात आणि त्यातून आपली कला करतात. यात फसवणूक काही नाही. शिंपी कापड विणत नाही म्हणून त्याचा अंगरखा खोटा ठरत नाही.

पिशवीवरचे थेंब

कालेबाउटच्या अडीच किलोच्या पिशवीत चॉकलेटाच्या छोट्या टिकल्या असतात, हरभऱ्याच्या डाळीहून थोड्या मोठ्या. कंपनी त्यांना ‘कॅलेट’ म्हणते. पिशवीवर आकडा असतो : ८११ म्हणजे गडद, ८२३ म्हणजे दुधाचं. व्यवसायातली माणसं नावाने नाही, या आकड्यांनीच बोलतात. ‘आठशे अकरा संपलं का बघ’ हे वाक्य मुंबईच्या हॉटेलांच्या बेकरी विभागात मी स्वतः ऐकलं आहे.

पिशवीवर आणखी एक खूण असते. थेंबांची रांग, एक ते पाच. जितके थेंब भरलेले तितकं वितळलेलं चॉकलेट जास्त वाहतं. पातळ कवचाला किंवा बुडवून काढायला जास्त थेंबांचं, गनाशला, म्हणजे मलई घातलेल्या चॉकलेटाच्या सारणाला, किंवा केकच्या पिठात घालायला कमी थेंबांचं. चवीइतकंच वाहणंही इथे विकलं जातं, आणि त्या वाहण्यामागचा एक घटक जूनच्या घटनेत खलनायक ठरणार आहे.

आपल्याकडे घरून केक आणि चॉकलेटं विकणारे बहुतेक जण कुव्हर्चर न वापरता ‘कंपाउंड’ वापरतात. त्यात कोको बटरऐवजी दुसरी वनस्पती चरबी असते, म्हणून ते वितळवून सरळ साच्यात ओतता येतं आणि एप्रिलच्या उन्हातही थोडा तग धरतं. कुव्हर्चरचे नखरे फार. गडद असेल तर ४५ अंशांपर्यंत वितळवा, २७-२८ पर्यंत खाली आणा, परत ३१-३२ ला न्या, तेव्हा कोको बटरचे योग्य स्फटिक जमतात आणि चमक येते. हे करताना भांड्यात पाण्याचा एक थेंब पडू द्यायचा नाही. मी वर्गात मुद्दाम पाडून दाखवतो. चमच्यावरून घरंगळणारं रेशमासारखं चॉकलेट बघता बघता ओल्या वाळूसारखं गुठळ्यांचं होतं. मुलं हसतात. मी सांगतो, हा थेंब लक्षात ठेवा.

नळीने जोडलेलं गिऱ्हाईक

कारागिराला टिकल्या ठीक आहेत. बिस्किटांच्या कारखान्याला रोज काही टन चॉकलेट लागतं. जुना प्रकार असा : चॉकलेटवाला पातळ चॉकलेट साच्यात ओतणार, गार करणार, ठोकळे कागदात गुंडाळून पाठवणार, बिस्किटवाला कागद सोडवून ते परत वितळवणार. एकाच चॉकलेटाला दोनदा तापवायचं आणि मधे एकदा थंड करायचं, ते कशासाठी? तर फक्त रस्त्याने नेता यावं म्हणून. पातळ चॉकलेट गरम ठेवणाऱ्या टँकरमधून थेट पाठवणं हा त्यावरचा इलाज, आणि त्यात कालेबाउट घराणं पुढे होतं. इथे मला परत बिअरवाल्याची टाकी आठवते.

टँकर आला की सौदा बदलतो. गिऱ्हाईक आपल्या अंगणात गरम टाक्या बसवतं, नळ्या ओढतं, स्वतःची वितळवण्याची यंत्रं भंगारात काढतं. मग ते सहजासहजी दुसरीकडे जात नाही. पुरवठादारालाही एका दिवसाची सुट्टी घेता येत नाही, कारण पलीकडे टाकी रिकामी झाली की बिस्किटांचा पट्टा थांबतो. या घट्ट जोडणीचं टोक २००७ मध्ये दिसलं. तेव्हा नेस्ले, हर्शी आणि कॅडबरी यांसारख्या खुद्द चॉकलेटवाल्या कंपन्यांनीही आपल्या चॉकलेटाचा काही भाग बनवण्याचं काम बॅरी कालेबाउटला दीर्घ मुदतीच्या करारांनी देऊन टाकलं. २०२०-२१ या वर्षात कंपनीने विकलेला माल साधारण २२ लाख टन होता. इतकं मोठं नाव, आणि रस्त्यावरच्या माणसाला ते ठाऊक नाही.

घराणं बाहेर, नाव आत

या टप्प्यापर्यंत कालेबाउट कुटुंब मालक राहिलेलं नव्हतं. १९८० च्या दशकाच्या तोंडावर त्यांनी कंपनी सुशार-टोब्लर या स्विस समूहाला विकली. तो समूह १९८२ मध्ये कॉफीवाल्या जेकब्सशी जोडला गेला आणि सूत्रं क्लाउस जेकब्स यांच्या हाती आली. १९९० मध्ये जेकब्स यांनी आपला बहुतेक पसारा, टोब्लरोन आणि मिल्कासकट, फिलिप मॉरिसला सुमारे ३८० कोटी डॉलरना विकला. विकताना कालेबाउट मात्र स्वतःकडे ठेवली. दुकानात चमकणारी नावं गेली, मागच्या खोलीतला पुरवठादार राहिला. मला हा निर्णय १९२५ च्या निर्णयाचा सख्खा भाऊ वाटतो, घराणं वेगळं असलं तरी.

१९९६ मध्ये फ्रान्सची काकाओ बॅरी, म्हणजे कोको बियांवर प्रक्रिया करणारी १८४२ पासूनची जुनी कंपनी, कालेबाउटशी एकत्र आली. बी एकीकडे आणि चॉकलेट दुसरीकडे असं होतं, ते एका छताखाली आलं. १९९८ मध्ये बॅरी कालेबाउट स्विस शेअर बाजारात नोंदली गेली. मुख्य कचेरी झुरिकला. म्हणजे फ्लेमिश आडनाव, फ्रेंच-इंग्रज जोडनाव आणि स्विस पत्ता.

कुटुंबातल्या एकाची गोष्ट इथे सांगायलाच हवी. बर्नार्ड कालेबाउट, चौथी पिढी. कंपनी विकल्यावर हे गृहस्थ कॅनडातल्या कॅल्गरीला गेले आणि १९८३ मध्ये स्वतःच्या नावाने चॉकलेटाचं दुकान काढलं. खानदानाने साठ वर्षं ज्या पाटीकडे पाठ फिरवली होती ती पाटी याने लावली. दुकानं वाढली, फ्रान्समध्ये पुरस्कारही मिळाला. २०१० मध्ये धंदा कर्जात बुडून वसुली-प्रशासकाच्या ताब्यात गेला. दुकानं आणि त्यांवरचं नाव नव्या मालकांकडे गेलं आणि बर्नार्ड यांनी दुसऱ्याच नावाने पुन्हा सुरुवात केली. आपलंच नाव दुसऱ्याच्या दुकानावर वाचायची पाळी एका पिढीत दोनदा आलेलं कुटुंब मी तरी दुसरं बघितलेलं नाही.

लेसिथिन

आता परत २०२२ मध्ये.

तपासात दोष एका कच्च्या मालाशी जाऊन थांबला : लेसिथिन. हा माल हंगेरीहून आला होता. सोयाबीन किंवा सूर्यफुलाच्या तेलातून निघणारा हा चिकट, मधासारखा पदार्थ. किलोभर चॉकलेटात तीन ते पाच ग्रॅम, बस्स. पण तेवढ्याने साखरेचे कण चरबीत मोकळे सरकतात आणि चॉकलेट वाहू लागतं. तेच वाहणं कोको बटर वाढवून मिळवायचं तर लेसिथिनच्या दहापट कोको बटर ओतावं लागेल, आणि कोको बटरचा भाव बघता ते कुणालाही नको असतं. पिशवीवरच्या थेंबांमागे हा पदार्थ असतो.

लेसिथिन प्रक्रियेत कुठे पडतं ते बघा. बिया सुरुवातीला भाजल्या जातात, तिथे शंभर अंशांच्या वर तापमान जातं आणि जंतू मरतात. मग दळण, साखर आणि दूधपावडर मिसळणं, रोलरमधून वीसेक मायक्रॉनपर्यंत बारीक करणं, मग कॉन्च नावाच्या यंत्रात कित्येक तास घोटणं. लेसिथिन पडतं या घोटण्याच्या शेवटाकडे. त्याच्यानंतर जंतू मारणारी एकही पायरी उरत नाही. जे त्या डब्यातून आलं ते गिऱ्हाइकाच्या टाकीत गेलं.

मुलं विचारतात, कॉन्चमध्ये साठ-सत्तर अंश असतातच की, दूध तर ७२ अंशांना पंधरा सेकंदांत पाश्चराइज होतं, म्हणजे त्यातले रोगजंतू मरतात. बरोबर, पण दुधात पाणी आहे. चॉकलेटात जवळपास नाही. पाण्याशिवाय, चरबीत गुरफटलेला साल्मोनेला उष्णतेला दाद देत नाही. तेवढ्याच तापमानाला त्याची संख्या दहापटीने कमी व्हायला तास लागतात. तो चॉकलेटात वाढत नाही, हे खरं. पण महिनोन्‌महिने जिवंत राहतो. आणि खाल्ल्यावर तीच चरबी त्याला जठरातल्या आम्लापासून वाचवते, त्यामुळे अगदी थोडे जंतूही माणसाला आजारी पाडू शकतात. पोरांना तर जास्तच.

आता तो पाण्याचा थेंब आठवा. दुधाच्या कारखान्यात गडबड झाली तर पाणी, कॉस्टिक, आम्ल, परत पाणी, आणि चार तासांत लाइन चालू. चॉकलेटाच्या नळीत पाणी सोडलं तर चॉकलेटाची वाळू होते, आणि त्याहून वाईट म्हणजे कोपऱ्यात राहिलेला ओलावा सुप्त जंतूला वाढायला जागा देतो. म्हणून अशा ठिकाणी यंत्रं उघडून कोरडं खरवडायचं, पुसायचं, गरम चरबी फिरवून नळ्या धुवायच्या, नमुने घ्यायचे, निकालाची वाट बघायची, आणि परत तेच. लेसिथिनची टाकी एक आणि तिच्यापासून फुटणाऱ्या नळ्या अनेक असल्या तर ‘एकच लाइन बिघडली’ असं छातीठोकपणे म्हणताच येत नाही. ‘एका बॅचसाठी अख्खा कारखाना’ या प्रश्नाचं उत्तर हे असं आहे.

दोन शेजारी, एकच वर्ष

ही बंदी शहाणपणाची होती की घबराटीची, हे ठरवायला त्याच वर्षीचं, त्याच देशातलं दुसरं प्रकरण समोर आहे. बेल्जियमच्या दक्षिण टोकाला आर्लोन इथे ‘किंडर’ चॉकलेटं बनवणाऱ्या फेरेरोचा कारखाना आहे. १५ डिसेंबर २०२१ ला त्यांच्याच तपासणीत साल्मोनेला सापडला होता. सफाई झाली, उत्पादन चालू राहिलं. पुढच्या महिन्यांत वेगवेगळ्या देशांत मुलं आजारी पडू लागली, जंतूंची जनुकीय खूण एकच निघाली, आणि ऐन ईस्टरच्या तोंडावर, ८ एप्रिल २०२२ ला बेल्जियमच्या अन्नसुरक्षा संस्थेने कारखान्याचा परवाना काढून घेतला. मे महिन्यापर्यंत युरोपात तीनशेहून अधिक रुग्ण नोंदले गेले होते, बहुतेक दहा वर्षांखालची मुलं.

त्याआधीचं उदाहरण इंग्लंडचं. २००६ मध्ये कॅडबरीच्या मार्लब्रुक कारखान्यात गळक्या पाइपामुळे चॉकलेटात साल्मोनेला गेला. कंपनीला जानेवारीत कळलं, सरकारी यंत्रणेला जूनमध्ये. दहा लाखांहून अधिक वड्या परत मागवाव्या लागल्या आणि पुढच्या वर्षी दहा लाख पौंडांचा दंड झाला.

वीझच्या लोकांसमोर आर्लोनचा धडा अवघ्या अडीच महिन्यांपूर्वीचा, ताजा होता. त्यामुळे त्यांच्या तत्परतेचं सगळं श्रेय मी सद्‌गुणाला देणार नाही. बेल्जियममध्ये २००३ च्या राजादेशापासून अन्न कारखान्यांना स्वतःची तपासणी, मालाचा माग आणि धोका दिसताच कळवणं बंधनकारक आहे, हेही विसरू नये. पण तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि ती बातम्यांत फारशी आली नाही : या कारखान्याचं गिऱ्हाईक दुकानातलं पोर नव्हतं. माल ७३ कारखान्यांच्या टाक्यांत आणि गोदामांत होता, प्रत्येक टँकरची पावती होती, प्रत्येक टाकीचा मालक फोनवर होता. दूषित चॉकलेट ग्राहकाच्या तोंडापर्यंत पोचलं नाही, असं तपासाअंती बेल्जियमच्या यंत्रणेने सांगितलं. फेरेरोला लाखो घरांतली चॉकलेटाची अंडी परत मागवावी लागली, ती प्रत्येक आईला शोधून.

म्हणजे १९२५ चा तोच निर्णय दोन्ही बाजूंनी कापतो. सगळ्यांचा पुरवठादार झाल्यामुळे एका टाकीतला दोष ७३ जणांच्या दारात गेला, आणि सगळ्यांचा फक्त पुरवठादारच राहिल्यामुळे तो तिथेच अडवता आला. पहिली बाजू माझ्या मुलांना लगेच दिसते. दुसरी दाखवावी लागते.

वीझचं उत्पादन पुन्हा सुरू व्हायला ८ ऑगस्ट उजाडला, तेही थोड्या लाइनवर, टप्प्याटप्प्याने. सहा आठवडे. त्या काळात प्रालीनवाल्यांनी काय केलं असेल याची कल्पना कुणाही कारागिराला करता येईल. पाककृती ८११ वर बसवलेली, साचे त्याच्या थेंबांवर ठरलेले, दुसऱ्याचं कुव्हर्चर आणलं तर सगळी तापमानं नव्याने जुळवायची.

बारामती

हे सगळं आपल्यापासून फार लांबचं आहे असं वाटत असेल तर एक माहिती. सप्टेंबर २०२१ मध्ये, वीझच्या घटनेच्या नऊ महिने आधी, बॅरी कालेबाउटने बारामतीत चॉकलेट आणि कंपाउंडचा कारखाना सुरू केला. वार्षिक क्षमता ३०,००० टनांच्या वर. फेरेरोचा कारखानाही त्याच बारामतीत आहे, त्याच्याही दहा वर्षं आधीपासून. साखर आणि दूध दोन्ही ज्या पट्ट्यात आहे तिथे चॉकलेटवाले येणार, यात आश्चर्य नाही. आमच्या मुलांतली काही जण तिथेच नोकरीला लागतील, म्हणूनच हे प्रकरण मी फ्लँडर्सचं म्हणून शिकवत नाही.

शेवटी एक प्रश्न देतो. लेसिथिनचे ड्रम फाटकावर आले आहेत. सोबत पुरवठादाराचं प्रमाणपत्र आहे. साल्मोनेलाच्या रीतसर तपासणीला चार-पाच दिवस लागतात. जंतू मालात सारखे पसरलेले नसतात, कुठेतरी पुंजक्याने असतात, त्यामुळे २५ ग्रॅमचा एक नमुना स्वच्छ निघाला तरी ड्रम स्वच्छ असेलच असं नाही. तुमच्या टाकीत दोन दिवसांपुरतं लेसिथिन उरलं आहे. काय कराल?

गेल्या खेपेला शेवटच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, आठ दिवसांचा साठा कायम ठेवायचा आणि निकाल आल्याशिवाय ड्रमचं झाकण उघडायचं नाही. तिच्या शेजारचा, वडिलांचा फरसाणचा कारखाना असलेला मुलगा लगेच वळला. त्याने विचारलं, आठ दिवसांच्या साठ्यात अडकलेल्या पैशाचं व्याज कोण भरणार? तास संपला तरी दोघांचं चालूच होतं, जिन्यापर्यंत आवाज येत होता.